नऊ दिवसांची वजनं

स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेल्या तक्त्यात शेवटचे नऊ आकडे बाकीच्यांपेक्षा नीट होते.

ताईने आधी अक्षर पाहिलं, मग आकड्यांमधला फरक. पहिले एकोणचाळीस दिवस बाळाचं वजन जसं वाढायला हवं तसंच वाढलं होतं, म्हणजे वेडंवाकडं. एका दिवशी पस्तीस ग्रॅम वर, दुसऱ्या दिवशी दहा खाली, मग दोन दिवस जागच्या जागी, मग एकदम पन्नास. चाळिसाव्या दिवसापासून मात्र पंचवीस, तीस, पंचवीस, तीस. कुठे घट नाही, कुठे खाडाखोड नाही. स्टॉपवर बस यावी तसे आकडे ठरल्या अंतराने येत होते. आणि ते लिहिणारी तिची भावजय बस डेपोत वेळापत्रकं आखायचं काम करत होती.

ताई आरोग्य खात्याच्या आकडेवारी विभागात होती. दवाखान्यांतून येणारे रकाने वाचण्यात तिची पंधरा वर्षं गेली होती. थर्मामीटर न लावता लिहिलेला ताप, पट्टा न बांधता लिहिलेला रक्तदाब. मनाने लिहिलेल्या आकड्याची एक खूण असते: तो फार शहाण्यासारखा वागतो.

रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती. तिची सोळा वर्षांची मुलगी बाळाला मांडीवर घेऊन खिडकीत बसली होती. ही मुलगी जन्मली तेव्हा पावणेदोन किलोची होती. आजोबांनी तिला काट्यावर ठेवलं आणि सोनाराच्या सगळ्यात लहान वजनाचं नाव दिलं, गुंज. ते तिला चिकटलं ते कायमचंच.

"गुंज, बाळाला काट्यावर ठेव जरा."

"सकाळी झालंय वजन."

"माहीत आहे. ठेव."

काटा आजोबांनी स्वतःच्या हाताने बनवला होता. पितळी दांडी, त्यावर सरकणारं वजन, पाच ग्रॅमपर्यंत चोख. या घरात तीन पिढ्या काटे दुरुस्त करत आल्या होत्या. घराच्या पुढच्या भागात दुकान होतं आणि औषधवाल्यांपासून सोनारांपर्यंत सगळ्यांचे काटे तिथे पडताळणीला येत. अशा घरात बाळाचं वजन रोज होणार हे कोणाला ठरवावं लागलं नव्हतं.

ताईने दांडी स्थिर होऊ दिली. चार हजार सहाशे नव्वद. तक्त्यावर सकाळचा आकडा होता चार हजार सातशे पासष्ट. तिने पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. पंचाहत्तर ग्रॅमचा फरक. बाळ ठणठणीत होतं, पारड्यात पाय झाडत होतं. चुकलं होतं ते दुसरंच काहीतरी.

"आज वजन कोणी केलं?"

"मामीने."

"तू पाहिलंस?"

"आई, ही काय उलटतपासणी आहे?"

"गुंज."

गुंजने बाळाला उचललं आणि खांद्याला लावलं. सोळा वर्षांच्या मुलीच्या मानाने तिचा हात फारच सराईत झाला होता, हेही ताईच्या आत्ताच लक्षात आलं.

"ती काट्याजवळ येतच नाही," गुंज म्हणाली. "नऊ दिवस झाले. आंघोळ मी घालते, शाळेतून आल्यावर. आजीला वाटतं मला हौस आहे. मामी बाळाला फक्त पाजायला घेते, तेही पलंगावर बसून, भिंतीला टेकून. उभी असताना घेत नाही."

"आणि हे तू मला सांगितलं नाहीस."

"वचन दिलं होतं. आणि तुला सांगून काय होतं ते मला माहीत आहे."

गेल्या वर्षी शाळेच्या समुपदेशक बाईंनी गुंजसोबत एक चिठ्ठी पाठवली होती. दोनपेक्षा जास्त वेळा भेटायचं तर पालकांची सही लागत असे. ती चिठ्ठी ताईच्या टेबलाच्या खणात राहिली. नोंद झाली की नोंद राहते, हे तिला जितकं माहीत होतं तितकं त्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. पुढे दोन महिने गुंज शाळेत गेली नाही आणि घरात सगळे 'अभ्यासाचा ताण' म्हणत राहिले. ताईसुद्धा.

"तुझ्या सहीची वाट पाहत होते मी," गुंज म्हणाली. "मग कंटाळा आला."

ताईने फोन घेतला आणि ती जिन्यात जाऊन बसली. बाळंतपणानंतर मन खचलेल्या आईला बाळासोबत दाखल करून घेणारा विभाग मोठ्या रुग्णालयात गेल्याच वर्षी सुरू झाला होता. सहा खाटा. त्या खाटांचे आकडे दर महिन्याला तिच्याच टेबलावर यायचे. तिथल्या सिस्टरने सगळं ऐकून घेतलं.

"एक खाट आहे. संध्याकाळी दुसरी बाई येणार आहे, म्हणून चारपर्यंतच ठेवू शकते. पण पेशंट काय म्हणते?"

"तिच्याशी अजून बोलले नाही."

"मग मला कशाला फोन केलात?" सिस्टरचा आवाज चढला नाही. "चारच्या आत तिने फोन करायचा. तुम्ही नाही, नवऱ्याने नाही. तिच्या तोंडून ऐकल्याशिवाय आम्ही घेत नाही. नियम आहे आमचा."

हा नियम ताईला ठाऊक होता. नव्या धोरणाच्या मसुद्यात तिनेच त्यापुढे शेरा मारला होता: अव्यवहार्य.

दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

*

ताईची आई बाळाची दुपटी घडी करत होती. हातात काही असलं की तिला समोरच्याकडे पाहावं लागत नसे. लेकीचं बोलणं तिने अर्धं ऐकलं आणि उरलेलं ऐकायच्या आधीच तिचं उत्तर तयार होतं.

"बाळंतीण आहे. थकते. झोपलीय, झोपू दे. तुला सुट्टीच्या दिवशीसुद्धा तक्ते दिसतात."

"आई, तिने नऊ दिवस खोटं वजन लिहिलंय."

"आळस केला असेल. मी बोलते तिच्याशी."

"बोलू नकोस. म्हणजे तसं बोलू नकोस."

धाकटा दुकानातून आला. हाताला वंगण होतं, म्हणून तो दारातच थांबला. या घराचा धाकटा मुलगा, ताईहून नऊ वर्षांनी लहान. बाप होऊन त्याला अठ्ठेचाळीस दिवस झाले होते आणि त्यातले निम्मे त्याने दुकानात काढले होते. मागोमाग बाबा, म्हणजे गुंजचे आजोबा, आले आणि खुर्चीत बसले. ते बसले की खोलीत बैठक भरल्यासारखं व्हायचं.

"मागच्या आठवड्यात नर्स येऊन गेली," आई म्हणाली. "दहा प्रश्न विचारले. सगळं व्यवस्थित निघालं. दहाच्या दहा शून्य. मी स्वतः होते ना तिथे."

"उत्तरं कोणी दिली?"

आईच्या हातातलं दुपटं थांबलं. तिला तो दिवस आठवत होता. नर्स खुर्चीच्या कडेवर बसली होती, तिला अजून चार घरं करायची होती. "गेल्या सात दिवसांत तुम्हाला हसू आलं का?" असा काहीतरी पहिला प्रश्न. सून खिडकीकडे पाहत राहिली. इतका वेळ की आईला लाज वाटायला लागली, पाहुण्यांसमोर मूल गप्प राहिल्यावर वाटते तशी. म्हणून ती म्हणाली, "हसते की. परवाच हसली." मग दुसरा प्रश्न आला. मग तिसरा.

"मी दिली," आई म्हणाली. "ती बोलेना. आणि नर्सच म्हणाली, घरातल्या कोणीही सांगितलं तरी चालतं. तिच्या पुस्तिकेत छापलेलं होतं. मला दाखवलं तिने."

"हो," ताई म्हणाली. "ती ओळ माझी आहे."

कोणाला लगेच कळलं नाही.

"दोन वर्षांपूर्वी निम्म्या घरांतून फॉर्म कोरे यायचे. बायका उत्तरच द्यायच्या नाहीत. मी सुचवलं, घरातल्या कोणाचंही उत्तर धरा. शंभरातले एक्क्याण्णव फॉर्म भरून यायला लागले. त्याबद्दल माझं कौतुकही झालं. गुरुवारी तेच धोरण कायम व्हायचंय."

"मग खोडून टाक ना ती ओळ," खिडकीतून गुंज म्हणाली.

"त्याला बैठकीत ठराव लागतो."

"लिहायला लागला होता?"

"नाही. खोडायला लागतो."

धाकट्याला हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. आईला मात्र हसू आलं नाही. इतकी वर्षं लेक तिच्यावर बोट ठेवत आली होती. आज पहिल्यांदा तिने स्वतःवर ठेवलं होतं आणि तरीही आईला वाटत होतं की ते फिरून आपल्याकडेच येणार.

"मलाही कोणी विचारलं नव्हतं," ती दुपट्याकडे पाहत म्हणाली. "धाकट्याच्या वेळी. दोन महिने मला तो परक्याचा वाटायचा. विचारलं असतं तरी मी शून्यच सांगितलं असतं म्हणा."

धाकट्याने मान वर केली. हे त्याला नवीन होतं.

"आता माझाच आहेस ना," आई घाईने म्हणाली. "कधीच झालास."

ताईने खाटेचं सांगितलं. चार वाजेपर्यंत, बाळासकट, तीन किंवा चार आठवडे, एका माणसाला सोबत राहता येतं. तिने सगळं नीट क्रमाने सांगितलं, आणि तिचं संपायच्या आत बाबा म्हणाले,

"कोणी कुठे जायचं नाही."

"बाबा, ऐकून तरी घ्या."

"या घरातून एक बाई तशी गेली. ती पुरे झाली."

ते सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी कधी बोलत नसे. बाबा एकवीस दिवसांचे असताना त्यांच्या आईला मनोरुग्णालयात नेऊन ठेवलं होतं. वर्षाच्या आत ती गेली, असं घरात सांगत. फोटो नव्हता. बाबांना आत्याने वाढवलं.

"ते दिवस वेगळे होते," ताई म्हणाली. "तेव्हा आईला वेगळं काढायचे. आता दोघींना एकत्र ठेवतात. मी पाहिलाय तो विभाग. पाळणा खाटेला लागून असतो."

"खाट ती खाट." बाबा मुलाकडे वळले. "तू बोल. बायको तुझी आहे."

धाकट्याने हात पँटला पुसले. "डेपोत कळलं तर तिला वेळापत्रकाच्या टेबलावरून काढतील. म्हणतील, डोकं ठिकाणावर नाही, हिच्या हातात दोनशे बस कशाला द्यायच्या. तिला ते काम आवडतं, ताई. तेवढंच एक आवडतं."

"म्हणजे तू बाबांच्या बाजूने."

"मी कोणाच्या बाजूने नाही. मी सांगतोय फक्त." तो हात पुसतच राहिला. "ती झोपत नाही. मला दिसतं. मी बघतो आणि कूस बदलतो. सकाळी विचारलं तर म्हणते झोपले होते, आणि मी मानतो. मला मानायला सोपं जातं."

"धाकट्या," आई म्हणाली आणि तिने घातलेली घडी पुन्हा मोडली.

"आजी," गुंज म्हणाली, "तुम्ही सगळे ती मेल्यासारखं बोलताय. ती आत आहे. पातळ भिंत आहे. ऐकतेय ती."

बाबा उठले आणि दुकानात निघून गेले. घड्याळात तीनला दहा कमी होते.

*

वजनं पुसायची म्हणजे बाबांना कोणाशी बोलायला नको असायचं. प्रमाण वजनांची लाकडी पेटी त्यांनी उघडली. आतल्या मखमलीच्या खाचांत पितळी वजनं उतरत्या क्रमाने बसलेली होती. त्यांना हात लावायचा नसतो. बोटाच्या ओलाव्यानेही वजन बदलतं. बाबांनी चिमट्याने दोनशे ग्रॅमचं उचललं आणि हरणाच्या कातड्याने पुसायला घेतलं.

आतलं दार उघडलं. सून उभी होती. केस बांधलेले, चेहरा धुतलेला. तिच्या हातात कसला तरी घडी केलेला कागद होता.

"बाबा, येऊ का?"

"ये. बस तिथे." त्यांनी स्टुलाकडे मान केली. सून सहसा दुकानात येत नसे, आणि आली तरी उभ्याने निरोप देऊन जाई. ती बसली.

"मी ऐकलं सगळं."

"हं."

"तक्त्याचं खरं आहे. मी मनाने लिहिले आकडे."

"वाढ चांगली लिहिलीस," बाबा म्हणाले. "जरा जास्तच सरळ. मधे एखाद्या दिवशी घट दाखवायला हवी होतीस. मला चौथ्या दिवशी कळलं."

सुनेने वर पाहिलं. "मग बोलला का नाहीत?"

बाबांनी दोनशे ग्रॅमचं वजन खाचेत ठेवलं आणि शंभराचं उचललं. उत्तर त्यांच्याकडे होतं, पण ते द्यायचं तर फार मागून सुरुवात करावी लागली असती.

"बाबा, तुमच्या आईला कोणी विचारलं होतं का?" सून म्हणाली. "जायचंय का, असं?"

चिमटा हवेतच थांबला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी स्वतःही नाही.

"नसेल," ते म्हणाले. "मी तिला पाहिलंय. कोणाला माहीत नाही हे."

त्यांनी वजन खाली ठेवलं.

"त्या रुग्णालयाचा काटा वर्षातून एकदा पडताळायला असायचा. माझे वडील स्वतः जायचे. दरवर्षी. मला कधी नेलं नाही. मी वीस वर्षांचा असताना त्यांची पाठ धरली होती, उठता येईना, म्हणून मला पाठवलं. आयत्या वेळी. त्यांना वाटलं असेल, तासाभराचं काम, येईल परत. त्या दिवशी नेमकी पेशंटांची मासिक वजनं होती. तिथली बाई म्हणाली, काटा दुरुस्त केलासच तर लगे हाथ वजनंही घे, मी लिहून घेते. बायका ओळीने येत होत्या. यादी माझ्यासमोर होती. सतराव्या नावापुढे पतीचं नाव म्हणून माझ्या वडिलांचं नाव होतं. पत्ता या दुकानाचा."

दाराच्या पलीकडे पावलं थांबल्याचं बाबांना कळलं, पण आता मागे फिरायला उशीर झाला होता.

"ती चढली काट्यावर. मी दांडीवरचं वजन सरकवलं. एकेचाळीस किलो सहाशे. मी मोठ्याने सांगितलं, बाईने लिहून घेतलं. उतरताना तिने मला विचारलं, 'बरोबर दाखवतो का रे तुझा काटा?' मी म्हटलं, 'हो.' ती म्हणाली, 'मग ठीक आहे.' आणि गेली. अठरावी आली, तिचंही घेतलं."

"ओळखलं नाही त्यांनी?"

"एकवीस दिवसांचं पाहिलं होतं मला. कसं ओळखणार." त्यांनी चष्मा काढून त्याच कातड्याने पुसला, जे त्यांनी एरवी कधी केलं नसतं. "मी ओळखलं होतं. मी बोलू शकत होतो. घरी आलो. वडिलांनी विचारलं, 'झालं काम?' मी म्हटलं, 'झालं.' दोघांनाही कळलं की दुसऱ्याला कळलंय. पुढच्या वर्षी तेच गेले. त्याच्या पुढच्या वर्षी तिकडून पत्र आलं आणि मग कोणालाच जावं लागलं नाही."

दारातून आईचा आवाज आला. "मला सांगितलं नाहीत." त्यात राग नव्हता. ती मोजदाद करत असल्यासारखी म्हणाली, "एवढी वर्षं."

"तुला काय सांगणार होतो? तिचं वजन?"

आई आत आली नाही. तिच्यामागे धाकटा होता, त्याच्यामागे ताई, आणि बाळाला घेतलेली गुंज. दुकान लहान होतं. सगळे आत आले असते तर कोणाला हलता आलं नसतं.

"म्हणून मी नको म्हणतो," बाबा सुनेला म्हणाले. "मला भीती वाटते, सूनबाई. दुसरं काही नाही."

"मलाही," सून म्हणाली.

तिने कागद मांडीवर ठेवला आणि त्यावर तळहात दाबला.

"काट्याजवळ उभी राहिले की मला चित्र दिसतं. माझी लेक पारड्यातून खाली पडतेय आणि मी हात पुढे करत नाहीये. मला तसं व्हायला नकोय. अजिबात नकोय. तरी रोज दिसतं. चाळिसाव्या दिवशी इतकं स्पष्ट दिसलं की मी तिला जमिनीवर ठेवलं, चटईवर, आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. ती रडत होती. मी गेले नाही. मला वाटलं, माझ्यापासून लांब आहे तोवर ती सुरक्षित आहे. मग गुंज शाळेतून आली."

बाळाने गुंजच्या खांद्यावर उचकी दिली.

"मी तुला म्हटलं, सांगू नकोस," सून गुंजकडे पाहत म्हणाली. "तुझ्यावर ओझं टाकलं. चुकलं माझं."

"मला चाललं," गुंज म्हणाली. मग, "नाही. नव्हतं चालत. पण दुसरं कोण होतं?"

ताई म्हणाली, "ती चिठ्ठी अजून आहे माझ्या खणात."

"तिची तारीख संपली, आई."

"नवीन आण. उद्या."

"बघू," गुंज म्हणाली. ती लगेच 'हो' म्हणाली नाही, आणि ताईने तिला म्हणायला लावलंही नाही.

*

साडेतीनला ते सगळे मधल्या खोलीत होते. सून पलंगाच्या कडेला बसली होती आणि आजूबाजूला माणसं तिच्याविषयी ठरवत होती, फक्त आता उलट्या बाजूने.

"कपडे मी भरते," आई म्हणाली. "दुपटी डझनभर तरी लागतील. तिथलं पाणी कसं असतं कोण जाणे."

"सोबत मी राहतो," धाकटा म्हणाला. "दुकान बाबा बघतील."

"डेपोला काय सांगायचं ते मी पाहते," ताई म्हणाली. "प्रमाणपत्रावर विभागाचं नाव लिहायची सक्ती नाही. मला माहीत आहे."

"गाडी मागव," बाबा म्हणाले. "पावणेचार होत आले."

सगळे चांगलं बोलत होते. तिला ते ऐकू येत होतं आणि तरी पायाखालची जमीन पुन्हा सरकत होती. नर्स आली होती त्या दिवशीही असंच झालं होतं. प्रश्न तिला विचारला गेला, उत्तर दुसरीकडून आलं, आणि ते उत्तर इतकं मायेने दिलेलं होतं की ते परत करणं उद्धटपणाचं झालं असतं.

तिने कागद उलगडला. चौदा नंबरच्या बसचं जुनं वेळापत्रक होतं ते, तिनेच आखलेलं. मागच्या कोऱ्या बाजूला एक फोन नंबर लिहिलेला होता.

"हे काय?" धाकट्याने विचारलं.

"त्या विभागाचा नंबर. दवाखान्याच्या भिंतीवर लावला होता, टोचणीला गेलो तेव्हा. एकवीस दिवस झाले."

"एकवीस दिवस तुझ्याजवळ होता?"

"पाच वेळा लावला. एकदा घंटा वाजली, तेव्हा ठेवून दिला." तिने कागदाची घडी बोटाने सपाट केली. "वाटायचं, त्यांनी विचारलं की काय होतंय, तर काय सांगू? सगळं तर चांगलं चाललंय. तक्ता पाहा."

ताईने दुपट्यांच्या ढिगाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. चारला चौदा कमी होते. ताईला घड्याळाविषयी काहीतरी म्हणायचं होतं हे सुनेला दिसलं, आणि ती म्हणाली नाही हेही दिसलं.

"मी लावून देऊ का?" धाकटा म्हणाला.

"नको."

"म्हणजे फक्त नंबर लावून..."

"नको रे," ती म्हणाली. मग तिने त्याचा वंगणाचा हात क्षणभर धरला आणि सोडला.

तिने नंबर लावला. तिसऱ्या घंटेला कोणीतरी उचलला.

"प्रसूती मानसोपचार विभाग. सिस्टर बोलतेय."

"नमस्कार," ती म्हणाली, आणि पुढचा शब्द आला नाही. आई पुढे सरकली. तिचे ओठ हललेसुद्धा, जणू ती तो शब्द पुरवणार होती. बाबांनी बायकोच्या कोपराला हात लावला. एवढंच. आई थांबली.

"कोण बोलतंय?" सिस्टरने विचारलं. घाई न करता.

"दुपारी फोन आला होता ना तुम्हाला. माझ्या नणंदेचा."

"हो. एक खाट ठेवलीय. ती तुम्हीच का?"

"हो. मीच."

"बाळ बरं आहे?"

"बरं आहे. चार हजार सहाशे नव्वद." तिने श्वास घेतला. "आज खरं मोजलंय."

"आणि तुम्ही?"

तिने मान वर केली. पाच माणसं उभी होती, आणि एकही तिच्याकडे थेट पाहत नव्हतं. आई दुपट्याकडे, धाकटा आपल्या हातांकडे, ताई जमिनीकडे, बाबा दुकानाच्या दाराकडे. गुंज बाळाच्या टाळूवरून हात फिरवत होती. ते सगळे वाट पाहत होते. या घरात मोजायच्या आधी दांडी स्थिर व्हायची वाट पाहतात, तशी.

"मी बरी नाहीये," ती म्हणाली.

पलीकडे पेनाचा आवाज आला. "बरं. आता एक विचारते, आणि ते मला सगळ्यांनाच विचारावं लागतं. घरचे म्हणतात म्हणून येताय का?"

"नाही," ती म्हणाली. "मला दाखल व्हायचंय. बाळाला घेऊन. आजच."